ट्रॉम्बेचा संगणक आणि डॉ. ए. एस. राव

हैदराबादच्या बलून केंद्रातून उड्डाणांचा हंगाम ठरला, की आसपासच्या जिल्ह्यांसाठी एक सूचना निघते. पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे शास्त्रीय उपकरणे घेऊन तीस ते चाळीस किलोमीटर उंचीवर जातील, काम संपल्यावर उपकरणांची पेटी हवाई छत्रीच्या आधाराने खाली येईल, ती कुणाला शेतात आढळली तर उघडू नये, आतल्या भागांना हात लावू नये आणि जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा टपाल कार्यालयात कळवावे, असा तिचा आशय असतो. पेटी उतरण्याची शक्यता असलेल्या जिल्ह्यांच्या यादीत नांदेड आणि लातूर यांची नावे आलेली आहेत. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे. ते ज्या कारखान्याच्या शेजारी वसले आहे, तो कारखाना म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, अर्थात ईसीआयएल.

या कारखान्याचे संस्थापक डॉ. ए. एस. राव यांच्या संशोधनाची सुरुवात अशाच फुग्यांखाली लोंबकळणाऱ्या उपकरणांनी झाली होती. पुढे त्यांच्या देखरेखीखाली ट्रॉम्बे येथे भारतीय लघुसंगणक घडला आणि हैदराबादेत त्याच्या पुढच्या पिढ्या तयार झाल्या. त्या यंत्रांचे आयुष्य केव्हाच संपले. त्यांच्या काळातील संगणकांची सर्किट बोर्डे, ज्यांना दुरुस्ती करणारे नुसते कार्ड म्हणतात, अजूनही जुन्या बाजारांतून आणि भंगाराच्या गोण्यांतून फिरत असतात. आकाशातून पडलेल्या पेटीवर ती कुणाची हे लिहिलेले असते. भंगारातले कार्ड मात्र ओळखावे लागते. ते ओळखता येत नसेल, तर त्याची किंमत काठावरच्या सोन्याच्या मुलाम्याइतकीच राहते.

अय्यगारी सांबशिव राव यांचा जन्म २० सप्टेंबर १९१४ रोजी पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील मोगल्लू या गावी झाला. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि काही काळ तेथेच अध्यापनही केले. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर टाटा शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यासाठी गेले. सिलिकॉन व्हॅली हे नाव तेव्हा जन्माला यायचे होते. मात्र तिचा पाया घालणारे फ्रेडरिक टर्मन त्याच सुमारास स्टॅनफर्डच्या अभियांत्रिकी विभागाची सूत्रे हाती घेत होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढलेली ह्यूलेट-पॅकार्ड ही मोजमापाची उपकरणे बनवणारी कंपनी जवळच उभी होती. प्रयोगशाळेतले ज्ञान कारखान्यात नेता येते, एवढे तरी त्या वातावरणात कुणाही विद्यार्थ्याला दिसलेच असणार.

मायदेशी परतल्यावर राव मुंबईत डॉ. होमी भाभा यांच्याकडे आले. १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा संसार तेव्हा पेडर रोडवरील एका बंगल्यात होता. विश्वकिरण हा भाभांचा जिव्हाळ्याचा विषय. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे विषुववृत्ताजवळ केवळ फार मोठ्या ऊर्जेचे कणच वातावरणात शिरू शकतात. त्यामुळे या अभ्यासासाठी भारताचे स्थान मोक्याचे होते. रबरी फुग्यांच्या झुपक्याला किरणगणक बांधून तो आकाशात सोडायचा, त्याने मोजलेले आकडे बिनतारी संदेशाने खाली घ्यायचे, असे हे काम. उपकरण हलके हवे, उणे पन्नास अंशांच्या थंडीत चालायला हवे, बॅटरी पुरायला हवी, आणि फुगा फुटला की सारे हातचे जाणार हेही गृहीत धरायला हवे. १९५३ साली राव आणि त्यांचे सहकारी बालसुब्रह्मण्यम, गोखले व परेरा यांचा विश्वकिरणांवरील शोधनिबंध अमेरिकेतील फिजिकल रिव्ह्यूमध्ये प्रसिद्ध झाला.

त्या काळी देशात इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनत नव्हते म्हटले तरी चालेल. प्रयोगशाळांचा आधार होता तो युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या सामानाचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ मध्ये जो संगणक जुळवला, त्यातही असेच युद्धोत्तर भंगारातले भाग होते. तेव्हा भारतीय संगणकाची कुळकथा मुळात जुन्या बाजारातूनच सुरू होते, हे विसरून चालणार नाही.

१९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संस्थेची उभारणी सुरू झाली आणि इलेक्ट्रॉनिक्सची जबाबदारी राव यांच्याकडे आली. आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक असलेली अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते. तिची नियंत्रण यंत्रणा मात्र राव यांच्या विभागाने देशातच तयार केली. हे काम किती जोखमीचे, याची कल्पना सहज येत नाही. भट्टीतील न्यूट्रॉनांची संख्या प्रमाणाबाहेर वाढू लागली, तर क्षणार्धात ते ओळखून नियंत्रक दांडे खाली सोडायचे असतात. त्या क्षणी एखादा सांधा सैल निघाला तर क्षमा नाही. भट्टीच्या मागोमाग किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणांची गरज वाढत गेली आणि राव यांच्या विभागाला हळूहळू कारखान्याचे रूप येऊ लागले. परदेशी उपकरण उघडून त्याची नक्कल करणे आणि आपल्या गरजेनुसार ते नव्याने आखणे, यांतला फरक या विभागाने अनुभवातून शिकून घेतला. राव यांना १९६० मध्ये पद्मश्री आणि १९६५ मध्ये अभियांत्रिकी शास्त्रांसाठीचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

१९६२ च्या चीन युद्धाने देशाच्या इलेक्ट्रॉनिक्सची उणीव उघडी पाडली. सीमेवरच्या संदेशयंत्रणेपासून रडारपर्यंत सगळीकडे परावलंबन होते. १९६३ मध्ये सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. तिच्यात विक्रम साराभाई आणि डॉ. भगवंतम यांच्याबरोबर राव होते. दहा वर्षांत देशाने या क्षेत्रात स्वावलंबी व्हावे, असा समितीच्या विचारांचा रोख होता. १९६६ च्या जानेवारीत भाभांचे विमान आल्प्स पर्वतात कोसळले. त्याच वर्षी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि परकीय चलन दुर्मीळ झाले. समितीचा अहवाल उरला, तो घडवणारा माणूस नाहीसा झाला. आता अहवालाचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मागे राहिलेल्यांचा होता.

मुंबईत तोवर मोठे संगणक आले होते. टाटा संस्थेत १९६४ पासून सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र होते, पवईच्या आयआयटीत सोव्हिएत मिन्स्क होता. पण ही वातानुकूलित दालनात बसणारी, दुरून गणिते सोडवून देणारी यंत्रे. अणुभट्टीशी किंवा एखाद्या चालू प्रयोगाशी थेट जोडून, येणारा प्रत्येक आकडा तत्क्षणी हाताळणारे लहान यंत्र वेगळेच हवे होते. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९६५ मध्ये अठरा हजार डॉलरला पीडीपी-८ बाजारात आणून अशा यंत्राचा मार्ग दाखवला होता. बारा बिटांच्या त्या यंत्रापासून लघुसंगणकांचे युग सुरू झाले.

ट्रॉम्बेच्या अभियंत्यांनी बारा बिटांचाच आपला संगणक बांधला. ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर, म्हणजेच टीडीसी-१२. भाभांच्या पश्चात अणुऊर्जा आयोगाची धुरा वाहणाऱ्या साराभाईंच्या हस्ते जानेवारी १९६९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्याची स्मृती चुंबकीय कड्यांची होती. मोहरीएवढ्या फेराइटच्या कड्या तारांत ओवून केलेली ही जाळी प्रत्येक कडीत एकेक बिट धरून ठेवी. चार हजार शहाण्णव शब्दांची बारा बिटांची स्मृती म्हणजे ४९,१५२ कड्या. आजच्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही, पण अणुभट्टीच्या प्रयोगातले आकडे टिपायला ती पुरे होती.

तत्पूर्वीच, एप्रिल १९६७ मध्ये, राव यांनी आपल्या आयुष्याचा मोठा निर्णय अमलात आणला होता. ट्रॉम्बेचा उत्पादन विभाग उचलून त्यांनी हैदराबादेत ईसीआयएलची स्थापना केली. पन्नाशी ओलांडलेल्या शास्त्रज्ञाने प्रतिष्ठेची प्रयोगशाळा सोडून कारखानदारीत उतरावे, ही त्या काळी रुळलेली वाट नव्हती. अणुभट्ट्यांच्या नियंत्रण यंत्रणा, उपग्रह केंद्रांच्या अँटेना, मोजमापाची उपकरणे, घराघरांत ईसी या नावाने ओळखला गेलेला दूरचित्रवाणी संच, अशी उत्पादने तेथून बाहेर पडू लागली. १९७५-७६ च्या सुप्रसिद्ध उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात २,४०० खेड्यांत जे संच बसवले गेले, ते याच कारखान्याचे. त्या प्रयोगाची खेडी गुलबर्गा आणि मेदक जिल्ह्यांत होती. मराठवाड्याची सीमा तेथून फार दूर नाही, तरी महाराष्ट्र त्या यादीत नव्हता.

संगणकांच्या बाबतीत टीडीसी-१२ नंतर ३१२ आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यास सोळा बिटांचा टीडीसी-३१६ आला. येथे राव यांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही यंत्रे महाग पडत, मागणी नोंदवल्यावर दीर्घकाळ वाट पाहावी लागे, आणि त्यांतले अनेक सुटे भाग व जोडयंत्रे परदेशीच असत. त्याच वकुबाचे आयात यंत्र अधिक स्वस्त आणि अधिक वेगवान मिळाले असते, ही टीका निराधार नव्हती. १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे स्वतंत्र सरकारी खाते निघाले. संगणक आयातीवर त्याची करडी नजर असल्यामुळे ग्राहकापुढे फारसा पर्यायही नव्हता. ज्याला संगणक हवा तो रांगेत उभा राही. स्पर्धा नसलेल्या कारखान्यात जे होते ते ईसीआयएलच्या संगणक विभागातही झाले. दशकाच्या अखेरीस डीसीएम, एचसीएल यांसारख्या खासगी कंपन्या मायक्रोप्रोसेसर घेऊन मैदानात उतरल्या, तेव्हा टीडीसी मालिका मागे पडली. १९७८ मध्ये आयबीएमने देशातून काढता पाय घेतला, पण त्या रिकाम्या जागेचा मोठा वाटा ईसीआयएलच्या पदरात पडला नाही.

तरीही केवळ किमतीच्या तागडीत हे काम तोलणे अपुरे आहे. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला ते चालवता येते. कार्ड स्वतः आखणाऱ्याला ते का बंद पडले हेही कळते. अणुभट्ट्यांच्या नियंत्रणासाठी भारताला पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी मदत बंद झाली, तेव्हा हे ज्ञान कामी आले. टीडीसी संगणक बाजारात हरला, पण तो बांधणारे हात अणुऊर्जा केंद्रांच्या नियंत्रण कक्षांत उपयोगी पडत राहिले. राव यांचे यश मोजायचे तर ते येथे मोजावे लागते. १९७२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

या यंत्रांचा शेवट मात्र सरकारी पद्धतीने झाला. मुदत संपलेले सामान निर्लेखित होते, त्याची यादी निघते, लिलाव होतो आणि लोखंडी कपाटे, खुर्च्या, पंखे यांच्याबरोबर संगणकही वजनावर जातो. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुप्पट. मराठवाड्यातील जुन्या इलेक्ट्रॉनिक सामानाची ये-जा साहजिकच निजामाच्या जुन्या राजधानीशी अधिक. संग्राहक आणि जुनी यंत्रे पुन्हा चालवू पाहणारे हौशी लोक लघुसंगणकांच्या कार्डांसाठी चांगली किंमत मोजतात, हे आता बाजारालाही ठाऊक झाले आहे. त्यामुळे कोणतेही जुने, सोनेरी काठाचे कार्ड लघुसंगणकाचे म्हणून पुढे केले जाते. प्रत्यक्षात ते एखाद्या टेलिफोन एक्स्चेंजचे किंवा कारखान्यातील नियंत्रण पेटीचेही असू शकते.

ओळखीची पहिली खूण यंत्राच्या शब्दलांबीत असते. स्मृतीच्या कार्डावर सारख्या चिपांच्या ओळी असतात. एका ओळीत आठ किंवा नऊ चिपा असतील तर ते बहुधा साध्या मायक्रोसंगणकाचे. सोळा किंवा अठरा असतील तर पीडीपी-११ अथवा टीडीसी-३१६ च्या जातीचे. बारा असतील तर मात्र हात थांबवावा, कारण बारा बिटांची यंत्रे जगात फार थोडी झाली आणि पीडीपी-८ व टीडीसी-१२ ही त्यांतलीच. चुंबकीय कड्यांची स्मृती असेल, तर भिंगाखाली जाळीचे पट मोजावेत. येथेही बारा आणि सोळा हाच हिशेब.

डिजिटल कंपनीची कार्डे ओळखणे त्यामानाने सोपे आहे. त्यांच्या एका काठाला प्लास्टिकची मूठ असते आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरासह क्रमांक उठवलेला असतो. जुन्या कार्डांत हे अक्षर मुठीच्या रंगाच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर असे. आर म्हणजे लाल, जी म्हणजे हिरवा, डब्ल्यू म्हणजे पांढरा आणि एम म्हणजे किरमिजी. एम ७२६४ हे एलएसआय-११ चे मुख्य कार्ड, एम ८१८६ हे पीडीपी-११/२३ चे. घोटाळा होतो तो येथेच. कंपनीच्या किंमतपत्रिकेत त्याच कार्डाचे नाव वेगळे, केडीएफ-११ असे काहीसे असते आणि तांब्यात कोरलेला, पन्नासने सुरू होणारा तिसराच क्रमांक नुसत्या कोऱ्या बोर्डाचा असतो. विकणाऱ्याने दूरध्वनीवर कोणता क्रमांक वाचून दाखवला, हे विचारल्याशिवाय व्यवहार करणे म्हणजे अंधारात पत्ता शोधणे. डेटा जनरल कंपनीची कार्डे पंधरा इंची चौरस, ताटासारखी मोठी असतात. भारतात ही यंत्रे पाटणी कंपनीमार्फत येत. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी १९८१ मध्ये इन्फोसिस काढली. सोव्हिएत कार्डांवरील चिपांवर रशियन लिपीतील के आणि १५५ हा अंक दिसतो, आणि त्यांच्या पायांतले अंतर मेट्रिक मापाचे असल्याने त्या अमेरिकी खाचेत नीट बसत नाहीत.

वय ठरवताना आणखी एक चकवा आहे. चिपेवरील चार अंकांत पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात. ७४३८ म्हणजे १९७४ चा अडतिसावा आठवडा. पण ७४०० मालिकेतील एका प्रचलित चिपेचे नावही ७४३८ असेच आहे. त्यामुळे नावालाच तारीख समजून एखादे कार्ड दहा वर्षांनी म्हातारे ठरवले जाते. यावर उपाय साधा आहे. कार्डावरच्या पाच-सहा वेगवेगळ्या चिपांचे अंक पाहावेत आणि त्यांतला सर्वांत अलीकडचा धरावा. कार्ड त्याआधी तयार झालेले असूच शकत नाही. दुरुस्तीत एखादी चिप बदललेली असली, तर ती एकटीच वेगळी पडते आणि लगेच लक्षात येते.

भारतीय कार्डाच्या बाबतीत चिपांवरून उगम ठरवणे सर्वांत धोक्याचे. टीडीसीच्या पिढीतील यंत्रांत परदेशी भाग होते, ही टीका वर आलीच आहे. म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप दिसली की कार्ड अमेरिकी, असे समजून ते बाजूला टाकणारा ग्राहक नेमके भारतीय कार्डच गमावतो. उगम चिपेत नव्हे, बोर्डाच्या तांब्यात पाहावा. निर्मात्याचे नाव किंवा चिन्ह, आराखड्याचा क्रमांक आणि आवृत्तीचे अक्षर बहुधा तांब्याच्या थरातच कोरलेले असते, आणि ते कुणी सहसा बदलत नाही. परदेशी चिपांच्या शेजारी भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर आढळले, तर शंका आणखी बळावते. मागच्या बाजूला टाकलेल्या बारीक हिरव्या-निळ्या तारा पाहून कार्ड नादुरुस्त ठरवू नये. आखणीत मागाहून केलेली सुधारणा अशीच तारेने टाकली जाते आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तीच तर कार्डाची जन्मपत्रिका असते.

खरी हानी होते ती काठ कापल्यामुळे. सोने काढणारे कारागीर प्रथम कनेक्टरची सोनेरी बोटे छाटतात आणि उरलेला बोर्ड आम्लात टाकतात. ई-कचऱ्याविषयीचे नियम २०१२ पासून लागू झाले आणि पुढे कडकही झाले, पण बोटे छाटणारी कात्री सर्वत्र थांबलेली नाही. तिच्या धुराचा त्रास आधी त्या कारागिरालाच होतो. बोटे गेलेले कार्ड कोणत्याही यंत्रात पुन्हा बसत नाही. एका पेटीतली कार्डे वेगवेगळी विकणे हेही तेवढेच वाईट. लघुसंगणकाचा मेंदू अनेकदा दोन-तीन कार्डांत वाटलेला असतो आणि ती कोणत्या खाचेत होती, हे टिपून ठेवले नाही तर जुळणी महिनोन्‌महिने रखडते. शहाणा खरेदीदार खटारा दिसणारी पेटीसुद्धा मागून घेतो आणि कार्डे काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतो. विजेच्या पुरवठ्याची चाचणी केल्याशिवाय यंत्र सुरू करत नाही, हेही ओघाने आलेच. चाळीस वर्षे पडून राहिलेले कंडेन्सर पहिल्याच मिनिटाला सगळे कार्ड जाळू शकतात.

राव यांचे उर्वरित आयुष्य हैदराबादेतच गेले. ईसीआयएलच्या कर्मचाऱ्यांच्या वस्तीतून वाढलेले डॉ. ए. एस. राव नगर आज त्या शहरातील गजबजलेला भाग आहे. तेथील बसथांब्यावर उभ्या असलेल्या कितीजणांना त्या आद्याक्षरांमागचा माणूस माहीत असेल, हे सांगणे अवघड आहे.

त्यांच्या कंपनीच्या एका उत्पादनाशी मात्र मराठवाड्यातील प्रत्येक मतदाराचा संबंध आला. १९७९ मध्ये ईसीआयएलने मतदान यंत्राचा पहिला नमुना तयार केला. १९८२ मध्ये केरळमधील परूर येथे काही केंद्रांवर ते वापरून पाहण्यात आले. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक ग्राह्य धरली नाही आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत यंत्रे पडून राहिली. दरम्यान १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स आणि अणुऊर्जा ही खाती काही काळ लातूरचे तत्कालीन खासदार शिवराज पाटील चाकूरकर यांच्याकडे राज्यमंत्री म्हणून होती. ईसीआयएल ही अणुऊर्जा खात्याचीच कंपनी.

डॉ. राव यांचे २००३ च्या ऑक्टोबरमध्ये निधन झाले. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात लोकसभेची निवडणूक प्रथमच देशभर मतदान यंत्रांवर झाली. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या दोनच होत्या, बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादची ईसीआयएल. त्या निवडणुकीत, १९८० पासून लातूरमधून सातत्याने निवडून येणारे चाकूरकर पराभूत झाले.